आमच्या छोटीची हनुवटी

मराठीत नाकाचे कौतुक फार. नाक वर करून चालणे, नाक खुपसणे, नाकाने कांदे सोलणे, आणि शेवटी नाक कापले जाणे. गालाला गालबोट आहे, तोंडाला तोंडपाटीलकी आहे. हनुवटी मात्र विनवणीपुरती. कुणाची समजूत काढायची असली की तिला हात लावायचा, एवढेच तिचे काम. उर्दूत उलटे आहे. जुन्या गझलेत माशूकच्या हनुवटीवरच्या खळीला ‘चाह-ए-ज़नख़दाँ’ म्हणतात, म्हणजे हनुवटीतली विहीर. आशिकाचे मन त्या विहिरीत पडते ते पडतेच. विहीर म्हटली की भावांनी विहिरीत टाकलेले हजरत यूसुफही आठवतात. उर्दू माध्यमाच्या शाळेत नववी-दहावीला गझल शिकवताना आम्ही हे सगळे सांगतो. मुली ओढणी तोंडावर धरून हसतात आणि तास पुढे सरकतो.

आमच्या घरात मात्र हनुवटी हा बरीच वर्षे हसण्याचा विषय नव्हता. आम्ही म्हणजे अम्मी, अब्बा, दोन भाऊ, थोरली भाभी आणि ही लिहिणारी. छोटीला ह्या ‘आम्ही’त धरलेले नाही. चेहरा तिचा आहे. तिच्या वतीने बोलण्याचा वकीलनामा आमच्याकडे नाही. तिचे म्हणणे पुढे तिच्याच शब्दांत येईल.

2006 साली छोटी पाच वर्षांची होती. सोलापुरात आमच्या जुन्या घराला दगडी पायऱ्या आहेत. खेळता खेळता तिचा पाय घसरला आणि हनुवटी पायरीच्या कडेवर आपटली. खाली जखम झाली, रक्त आले, दवाखान्यात तीन टाके पडले आणि आठ दिवसांत जखम भरली. घरच्यांच्या, शेजाऱ्यांच्या आणि टाके घालणाऱ्यांच्याही दृष्टीने तो विषय तिथे संपला.

पण हनुवटीवर बसलेला मार हनुवटीवर थांबत नाही. जबड्याच्या हाडातून तो वर कानापुढच्या सांध्यापर्यंत जातो. तिथे जबड्याचे टोक बोंडासारखे असते आणि लहान मुलांत ते सहज मोडते. बाहेरून काही दिसत नाही. सांध्यात रक्त साकळते, मूल दुखते म्हणून तोंड कमी उघडते आणि हळूहळू त्या रक्ताच्या जागी हाड तयार होऊ लागते. दाराची बिजागरी गंजून एकजीव व्हावी तसे. आपल्या देशातल्या दवाखान्यांत हा आजार डॉक्टरांच्या चांगल्या ओळखीचा आहे. कारण बहुतेक वेळा असेच असते, लहानपणीची पडझड. कधी कानातला जुना पू.

तिसरीत गेली तेव्हा छोटीच्या तोंडात एक बोट जेमतेम जात होते. पाचवीत तेही जाईना. रोटी शोरब्यात भिजवून, कुस्करून, दातांच्या फटीतून आत ढकलायची. ब्रश आत जात नाही म्हणून दात किडले. जबडा वाढवणारी जागाही त्याच सांध्याजवळ असते. त्यामुळे बाकीचा चेहरा वाढत गेला आणि खालचा जबडा पाच वर्षांच्या मुलीचाच राहिला. हनुवटी मागे, गळ्याकडे सरकल्यासारखी दिसू लागली. डॉक्टरांच्या पुस्तकात अशा चेहऱ्याला पक्ष्याच्या तोंडाची उपमा दिलेली असते. शाळेतल्या पोरांना पुस्तक वाचावे लागले नाही. त्यांनी तेच नाव आपणहून शोधून काढले.

रात्री ती घोरायची, मध्येच श्वास अडकायचा, मग दचकून उठून बसायची. दिवसा वर्गात पेंगायची. जबडा मागे असला की जीभही मागे पडते आणि श्वासाची वाट अरुंद होते, हे आम्हांला पुण्याला गेल्यावर कळले.

2012 साली पुण्यातल्या एका मोठ्या दवाखान्यात तिची शस्त्रक्रिया झाली. तोंडच उघडत नाही तर भुलीची नळी घालायची कुठून? ती नाकातून, दुर्बिणीने वाट बघत बघत, पोरगी जागी असताना घातली. मग दोन्ही बाजूंचे वाढलेले हाड काढले आणि त्या जागी तिच्याच बरगडीचे, टोकाला कूर्चा असलेले तुकडे बसवले. बरगडीचा तुकडा घेतात, कारण तो लहान वयात पुढे वाढू शकतो. कधी कमी वाढतो, कधी जास्त. त्याचा भरवसा कुणी देत नाही.

खरे काम त्यानंतरचे होते. सांधा सोडवला तरी रोज तोंड उघडले नाही तर तो पुन्हा धरतो. डॉक्टरांनी आईस्क्रीमच्या लाकडी काड्या आणायला सांगितल्या. काड्यांची चवड दातांमध्ये धरायची आणि रोज मधोमध एक काडी जास्त सरकवायची. पहिल्या दिवशी सात काड्या गेल्या. अम्मी मोजायची, छोटी रडायची, अब्बा दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचे. वर्षभर आमच्या घरात सकाळ-संध्याकाळ ही मोजणी चालली. अठरावी काडी गेली त्या दिवशी थोरल्या भावाने वडापाव आणला आणि छोटीने तो आयुष्यात पहिल्यांदा, सगळ्यांसारखा, पुढच्या दातांनी तोडून खाल्ला.

तोंड उघडले, पण हनुवटी मागेच राहिली. बरगडीने थोडी साथ दिली, पुरती दिली नाही. छोटी शिकली, लॅबचा डिप्लोमा केला, आज ती पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते. दिवसभर लोकांचे रक्त तपासते. मास्कमुळे तिथे कुणाला हनुवटीची चौकशी करायला वाव नाही, असे ती हसून सांगते.

मग रिश्त्यांचे दिवस आले. फोटो समोरून काढला की काही कळत नाही. एक खाला बोलून गेल्या, ‘सामने से तो चाँद है बच्ची, बाजू से जरा…’ वाक्य त्यांनी पुरे केले नाही. पुरे न केलेली वाक्ये जास्त दिवस घरात राहतात. एका घराने बाजूने काढलेला फोटो मागवला. दुसऱ्या घरची मुलाची आई भली बाई होती, तिने स्पष्टच सांगितले, ‘आजकल ठोडी में कुछ बिठाते हैं ना, वो करवा लो. हम छह महीने रुकते.’

हे ‘काहीतरी बसवणे’ म्हणजे काय, हे विचारायला आम्ही पुन्हा पुण्याला गेलो. डॉक्टरांनी ड्रॉवरमधून एक नमुना काढून अब्बांच्या हातात ठेवला. चंद्रकोरीच्या आकाराचा, दुधी रंगाचा, शाळेतल्या खोडरबरासारखा तुकडा. अब्बांनी तो दाबून पाहिला, वास घेऊन पाहिला. ‘चाचा, हे घट्ट सिलिकॉन आहे,’ डॉक्टर म्हणाले. ओठाच्या आतून किंवा हनुवटीच्या खाली लहानसा छेद घ्यायचा, हाडावरचे पातळ आवरण उचलून खिसा करायचा आणि हा तुकडा त्यात ठेवायचा. स्क्रूने किंवा टाक्याने तो हाडाला धरवायचा. गालाच्या हाडावर बसवायचे तुकडे वेगळे, जबड्याच्या कोपऱ्यावर बसवायचे वेगळे. काही सिलिकॉनचे, काही बारीक छिद्रे असलेल्या पॉलिथिलीनचे. सिलिकॉनभोवती शरीर आपली पिशवी विणते, म्हणून नको झाले तर ते काढायला सोपे. छिद्रांच्या पॉलिथिलीनमध्ये मांस शिरते, म्हणून ते हलत नाही, पण काढायचे म्हटले तर जड जाते. आता तर सीटी स्कॅनवरून एकेका माणसाच्या मापाचा तुकडा बनवून घेता येतो.

धोकेही त्यांनी न विचारता सांगितले. जंतुसंसर्ग झाला तर तुकडा बहुधा काढावाच लागतो. तो सरकू शकतो, वाकडा बसू शकतो. काहींच्या बाबतीत त्याच्या दाबाने खालचे हाड वर्षानुवर्षे झिजत जाते. खालच्या जबड्यातून दोन्ही बाजूंना एकेक शीर बाहेर येते, ती ओठाला आणि हनुवटीला संवेदना देते. तिला धक्का लागला तर ओठ बधिर होतो, बहुतेकदा काही काळ, कधी कायमचा.

त्या दिवशी बाहेर बाकावर आमच्याबरोबर दोन प्रकारची माणसे होती. एक तरुण मुलगा मोबाईलमध्ये कुणा नटाचा फोटो घेऊन आला होता, त्याला तसा जबडा हवा होता. त्याच्या शेजारी पन्नाशीचे एक गृहस्थ होते. 2021 मध्ये कोरोनातून उठले आणि काळ्या बुरशीने त्यांना गाठले. त्या वर्षी देशात चाळीस हजारांहून अधिक लोकांना हा आजार झाला, त्यात आपल्या महाराष्ट्रातले फार. जीव वाचवायला ह्या गृहस्थांचा वरचा जबडा आणि गालाच्या हाडाचा भाग काढला होता. पाणी प्यायले तर नाकातून येत होते. त्यांच्यासाठी गाल म्हणजे शोभेची वस्तू नव्हती, तोंड आणि नाक यांच्यामधली भिंत होती. डॉक्टर एकच, खुर्ची एकच, आणि दोघांच्या मागण्यांत जमीन-अस्मानाचा फरक. आमची छोटी ह्या दोघांच्या मधे बसली होती, बाकावरही आणि हिशेबातही.

पुण्याला ह्या कामाचा जुना वारसा आहे. कावसजी नावाचा इंग्रज फौजेचा एक गाडीवान 1792 च्या लढाईत टिपू सुलतानच्या सैनिकांच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापला गेला. नाक कापतात ते मारण्यासाठी नव्हे, तोंड दाखवायला जागा राहू नये म्हणून. पुढे पुण्याजवळ वीटभट्टीवाल्या जातीतल्या एका कारागिराने मेणाचे नाक करून त्याच्या कपाळावर पसरले, त्या मापाने कपाळाची कातडी कापली आणि खाली वळवून नवे नाक उभे केले. दोन इंग्रज डॉक्टरांनी ते डोळ्यांनी पाहिले. ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ही हकीकत चित्रासह छापून आली, आणि 1814 मध्ये लंडनच्या कार्प्यू नावाच्या सर्जनने तीच रीत आपल्या रुग्णावर केली. ज्याने नाक केले त्या कारागिराचे नाव मात्र त्या हकिकतीत नाही. पहिल्या महायुद्धात गोळ्यांनी जबडे उडालेल्या सैनिकांसाठी 1917 मध्ये इंग्लंडात सिडकप येथे वेगळे इस्पितळ निघाले. हॅरॉल्ड गिलिस आणि त्यांच्या सोबत्यांनी तिथे पाच हजारांवर चेहरे दुरुस्त केले. आज जाहिरातीत दिसणारी पुष्कळशी विद्या अशी जखमी माणसांच्या चेहऱ्यांवर घडली आहे. सुंदर माणसांनी ती मागाहून वापरायला घेतली.

आमच्या प्रश्नाचे उत्तर मात्र डॉक्टरांनी छोटीकडे वळून दिले. त्यांनी आधी तिला विचारले, ‘झोप कशी लागते?’ एक रात्र तिला तारा लावून झोपवले आणि श्वासाची नोंद घेतली. तासाला एकवीस वेळा श्वास अडखळत होता. मग त्यांनी कागदावर दोन चित्रे काढली. पहिल्यात हाडाच्या पुढे सिलिकॉनचा तुकडा. दुसऱ्यात हनुवटीचेच हाड कापून पुढे सरकवलेले आणि टायटॅनियमच्या पट्टीने जोडलेले. बाहेरून दोन्ही चेहरे सारखेच. ‘पण जीभ कुठे बांधलेली असते?’ त्यांनी विचारले. जिभेचा मोठा स्नायू हनुवटीच्या हाडाला आतून चिकटलेला असतो. पुढे तुकडा चिकटवला तर जीभ होती तिथेच राहते. काप त्या स्नायूच्या वरून घेऊन हाड पुढे आणले, तर जीभही पुढे ओढली जाते आणि मागे श्वासाला जागा होते. तिसरा मार्गही होता. जबडा कापून यंत्राने रोज एक मिलिमीटर लांबवायचा. फटीत नवे हाड भरत जाते. रशियात इलिझारोव्ह यांनी पायांसाठी ही रीत शोधली आणि 1992 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी ती माणसाच्या जबड्यावर केल्याचे प्रसिद्ध केले. छोटीचे दात बऱ्यापैकी जुळत होते, म्हणून तिला त्याची गरज नव्हती.

आम्ही घरी येईपर्यंत मोहल्ल्यात बातमी पोहोचली होती. एका बाजूचे म्हणत होते, करून टाका, रिश्ता खोळंबलाय. दुसऱ्या बाजूचे म्हणत होते, अल्लाहने दिलेली सूरत बदलणे हराम आहे. दुसऱ्यांना उत्तर द्यायला आम्हांला फार लांब जावे लागले नाही. अर्फजा बिन असअद नावाच्या सहाबींचे नाक कुलाबच्या लढाईत गेले होते. त्यांनी चांदीचे नाक बसवले. त्याला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा पैगंबरसाहेबांनी त्यांना सोन्याचे नाक करून घ्यायला सांगितले. एरवी पुरुषाला सोने वर्ज्य, इथे त्याची मुभा मिळाली. हदीसच्या मान्य ग्रंथांत हा प्रसंग आहे. 2007 मध्ये मलेशियात पुत्रजया येथे आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीची बैठक झाली, तिनेही जन्मजात व्यंग आणि अपघाताने आलेली विद्रूपता दुरुस्त करण्यास परवानगी दिली. निव्वळ हौसेसाठी धडधाकट चेहरा बदलण्यास तिने मनाई केली. आमच्या मशिदीतल्या मौलानांना विचारले, तर त्यांनी एवढेच विचारले, ‘बच्ची को साँस लेने में तकलीफ है?’ आम्ही हो म्हणालो. ‘फिर पूछने क्या आए?’ ते म्हणाले.

पहिल्यांना उत्तर देणे जास्त अवघड गेले, कारण ते आपुलकीने बोलत होते. शेवटी ते उत्तर छोटीनेच दिले. भाभीने तिला विचारले, नक्की काय करायचे? ती म्हणाली, ‘भाभी, ठोडी मेरी है. रात कू दम मेरा घुटता. वो लोगां का क्या घुटता? मेरेकू एक बार चित लेटके सोना है, बस.’ आम्ही गप्प झालो. ती आजवर कुशीवर, उशी पाठीशी लावूनच झोपत आली होती. मुलाच्या आईचे सहा महिने तिने मोजले नाहीत. अब्बांनी त्या घराला तसे नम्रपणे कळवले.

ह्या वर्षी मे महिन्यात शस्त्रक्रिया झाली. हनुवटीचे हाड दहा मिलिमीटर पुढे आले. संमतीपत्रावर पालकाच्या सहीची जागा होती. नर्सने कागद अब्बांपुढे धरला, तेव्हा अब्बांनीच तो छोटीकडे सरकवला. ती सज्ञान आहे, कमावती आहे. तिने वाचून, दोन शंका विचारून सही केली. पंधरा दिवस पातळ खाणे झाले, सूज उतरायला दोन महिने लागले. डाव्या बाजूचा ओठ अजून थोडा बधिर आहे, चहा पिताना ती हात लावून बघते की चहा सांडला तर नाही. पण रात्री ती चित झोपते. पहिल्या काही रात्री अम्मी उठून तिचा श्वास ऐकायची. आता अम्मीलाही झोप लागते.

चेहरा बदलला का? बाजूने पाहिले तर बदलला. खाला म्हणाल्या, ‘अब देखो, रिश्तों की लाइन लगेगी.’ छोटी म्हणाली, ‘लाइन लगी तो टोकन देती मैं.’ बाजूने काढलेला फोटो मागणाऱ्यांसाठीही तिने एक अट घातली आहे. मुलाचाही बाजूने काढलेला फोटो आधी यावा.

आमच्या नववीतली मुले हल्ली मधल्या सुट्टीत बोट जबड्यावरून फिरवून एकमेकांना खुणा करतात. त्याला ते ‘म्यूइंग’ म्हणतात. जीभ टाळूला लावून बसले की जबडा टोकदार होतो अशी त्यांची समजूत आहे. प्रश्न विचारला की तीच खूण करतात, म्हणजे जीभ कामात आहे, उत्तर देता येत नाही. आम्ही रागावत नाही. चौदा-पंधरा वर्षांचे हाड अजून वाढते आहे, त्याला वाढू द्या, एवढे सांगतो. मग फळ्यावर जबड्याचे चित्र काढतो, जीभ कुठे बांधलेली असते ते दाखवतो आणि सांगतो की लहान भाऊ-बहीण हनुवटीवर पडले, तर टाके घालून थांबू नका, कानापुढचा फोटो काढायला सांगा. हे काही आमच्या पाठ्यपुस्तकात नाही. पण गझलेतल्या विहिरीइतकेच ते मुलांच्या लक्षात राहते.

हनुवटीत काही बसवू नये, असे आमचे म्हणणे नाही. कुणाला स्वतःच्या मनाने, धोके समजून बसवायचे असेल, तर तो त्याचा आणि त्याच्या डॉक्टरांचा प्रश्न आहे. आमची तक्रार वेगळी आहे. मुलगी बघायला जाताना आपण चहा-पोह्यांबरोबर तिचा चेहराही तपासून घेतो, आणि त्यात कमी-जास्त निघाले की दुरुस्तीचा खर्च, धोका आणि दुखणे तिच्यावर सोपवून घरी येतो. सिलिकॉनचा तुकडा हाडावर बसतो, लोकांच्या नजरेचे ओझे पेलण्यासाठी तो केलेला नाही. पुढच्या वेळी कुणाच्या घरी जाल तेव्हा मुलीला निदान एवढे विचारा, बाई, तुला झोप कशी लागते? आमच्या छोटीला हे एका डॉक्टरने विचारले, आणि तिथूनच तिचा इलाज सुरू झाला.